एका दिवसाचे मोल

म्हैसूर शहरात सेंट फिलोमिना चर्चच्या दोन उंच शिखरांच्या आसपास जी जुनी, गजबजलेली वस्ती पसरली आहे, तिला लष्कर मोहल्ला म्हणतात. नाव ऐकताच मराठी माणसाला ते आपलेसे वाटावे असेच आहे. अशा वस्तीतील एखादा शिवणकामाचा लहानसा कारखाना आपण डोळ्यांपुढे आणू. वीस कामगार आहेत, यंत्रे नवी आली आहेत, कापड मात्र पूर्वीपेक्षा अधिक वाया जाते आहे. बाहेरचा एखादा जाणकार बोलावून कामगारांना दिवसभर शिकवावे, असे मालक ठरवितो. येथवर सारे सरळ आहे. अडचण उभी राहते ती पुढच्या प्रश्नाशी: त्या जाणकाराला दिवसाचे द्यावयाचे किती?

त्याच म्हैसुरात इन्फोसिससारख्या मोठ्या कंपनीने २००५ पासून स्वतःचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र चालविले आहे. तिला हा प्रश्न असा पडत नाही. तिचे शिक्षक पगारी असतात. लहान कारखानदाराला मात्र शिक्षक दिवसाच्या बोलीवर आणावा लागतो, आणि तेथे आपल्या जुन्या सवयी आड येतात. गावगाड्यात बलुतेदाराला त्याचा वाटा सुगीला मिळे. शिष्य गुरूला दक्षिणा देई ती विद्या पुरी झाल्यावर. ज्ञानाची किंमत दिवसावर मोजण्याचा प्रघात आपल्याकडे नव्हता. म्हणून आजही कित्येक ठिकाणी शाल आणि श्रीफळ देऊन शिक्षकाची बोळवण होते. ‘मानधन’ या शब्दात मान आणि धन असे दोन भाग आहेत. आपण पहिला तेवढा सढळ हाताने देतो.

यावर मालक म्हणेल, “मी कंजूष नाही. महिना पन्नास हजार मिळविणाऱ्या माणसाचा एक दिवस मी घेतो. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर भागाकार होतो सुमारे १,९२० रुपये. मी दोन हजार देतो. अन्याय कोठे झाला?” हा हिशेब वरवर निर्दोष दिसतो. वस्तुतः त्यात एक मोठी गफलत आहे. पगारी माणसाचे सव्वीसही दिवस विकले गेलेले असतात. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाचे तसे नसते.

त्याच्या वर्षाकडे पाहू. ३६५ दिवसांतून रविवार, सणवार आणि आजारपण वजा घातले, तर २८० च्या आसपास दिवस उरतात. एक दिवस शिकवावयाचे म्हटले की कारखाना आधी जाऊन पाहणे, पाठाची जुळणी करणे आणि नंतर टिपण लिहून देणे यांत आणखी एक दिवस जातो. काम मिळविणे, बोलणी करणे, थकलेले पैसे मागत फिरणे यांतही बरेच दिवस खर्ची पडतात. समजा, त्याचे शिकविण्याचे दिवस वर्षाला १०० होतात. घरखर्चाला त्याला सहा लाख लागतात. विमा, प्रवास, संगणक, पुस्तके यांना दीड लाख. एकूण साडेसात लाख भागिले शंभर, म्हणजे दिवसाला ७,५०० रुपये. मालकाच्या अंदाजाच्या ही जवळजवळ चौपट. शिक्षक लोभी नाही. त्याच्या एका दिवसाच्या पाठीमागे न दिसणारे पावणेदोन दिवस उभे आहेत, एवढेच.

हा झाला दराचा तळ. याच्या खाली दर गेला तर चांगला शिक्षक हा धंदाच सोडील. आता वरची मर्यादा पाहू. ती मालकाच्या लाभावरून ठरावी. वीस कामगारांची त्या दिवसाची मजुरी, प्रत्येकी ७०० धरली तर, १४,००० होते. ती शिक्षकाच्या फीपेक्षाही मोठी आहे. दोन्ही मिळून २१,५०० रुपये. शिकल्यामुळे प्रत्येक कामगाराकडून रोज दहा रुपयांचे कापड वाचले, तर रोजचे २०० वाचतात. अर्थात १०८ कामाच्या दिवसांत, चार महिन्यांच्या आतबाहेर, हा खर्च भरून निघतो. नंतर राहतो तो लाभच. उलट, स्वस्तातला शिक्षक आणून वीस माणसे दिवसभर जांभया देत बसली, तर वाचविलेल्या तीनचार हजारांपायी चौदा हजार बुडाले असे समजावे. मात्र कापडाची अशी बचत होण्याचा संभवच नसेल, तर शिक्षक कितीही गुणी असो, त्याला न बोलावणेच शहाणपणाचे.

तळ आणि माथा यांच्यामध्ये घासाघीस अवश्य व्हावी. पण तिला कारणे असावीत. तोच पाठ दुसऱ्या तुकडीला द्यावयाचा असेल, तर तयारीचा भार कमी होतो आणि दर उतरविणे रास्त ठरते. अर्धा दिवस मागितला तर अर्धेच पैसे, हे मात्र रास्त नव्हे. उरलेला अर्धा दिवस शिक्षकाला दुसरीकडे विकता येत नाही. बंगळूरहून यावयाचे तर प्रवासखर्च निराळा, कर कोणी भरावयाचा हे आधी स्पष्ट, आणि आयत्या वेळी बेत मोडला तर काय द्यावयाचे हेही कागदावर. पैसे वेळेवर देणे हाही दराचाच भाग आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ च्या कायद्याने सांगितले आहे, ते काही उगाच नव्हे.

कोणी म्हणेल, विद्येचा असा बाजार मांडावा काय? येथे म्हैसूरचे दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे स्मरण होते. पुण्यात शिकलेला आणि मुंबई इलाख्यात कीर्ती मिळविलेला हा अभियंता. भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्यासाठी केलेल्या कामाचा मोबदला त्यांच्या नावे देणे झाला, तेव्हा ती रक्कम त्यांनी बंगळुरात धंदेशिक्षणाची संस्था काढण्यास दिली आणि संस्थेला नाव दिले ते महाराजांचे. या उदारपणातले एक मर्म आपल्या ध्यानी येत नाही. कामाचे मोल आधी ठरले. दान त्यानंतर झाले. जे आपले झालेच नाही, त्याचे दान कोणी कसे करावे? शिक्षकाने पुढे पैसे सोडले तर तो त्याचा मोठेपणा. मालकाने ते आधीच कापून ठेवले, तर त्याला दान म्हणत नाहीत.

मोहल्ल्यामोहल्ल्यांतून असे कसबी लोक आहेत, की ज्यांच्या बोटांत चाळीस वर्षांचे ज्ञान साठलेले आहे. त्यांच्या एका दिवसाला यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या एका फेरीइतकेही मोल आले नाही, तर ते ज्ञान त्यांच्याबरोबरच संपेल, आणि त्यांची मुले ते शिकणार नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी कोणाला शिकवावयास बोलवाल, तर “किती घ्याल?” असे अवघडून विचारण्याऐवजी “या एका दिवसामागे आपले किती दिवस लागतील?” असे विचारून पाहा. रास्त दराची बोलणी तेथूनच सुरू होतात.