रात्रीचा पेशंट

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो, ठेक्यावर. कविता करतो, पण आज कविता म्हणणार नाही. मला विषय दिलाय तो असा: पोटासाठी बाहेरगावाहून आलेला माणूस दवाखान्याच्या वेळेत दवाखान्यात का जात नाही? रात्री अकराला, बाराला कॅज्युअल्टीच्या दारातच तो का दिसतो?

याचं उत्तर शहाण्या लोकांनी केव्हाच देऊन ठेवलंय. अडाणी आहेत. आजार अंगावर काढतात. यांच्यात जागृती करा, पोस्टर लावा. मग पोस्टर लागतं. पोस्टरच्या खाली बारीक अक्षरात वेळ असते, आणि त्या वेळेला पोस्टरवरचा माणूस परातीवर सिमेंट कालवत असतो.

नाक्यावर चला माझ्याबरोबर. मुंबईतला कुठलाही मजूरनाका धरा. सकाळी आठ ते दहा. कुणाच्या हातात थापी आणि ओळंबा, कुणाच्या हातात रंगाचा ब्रश, बायांच्या हातात घमेलं. ठेकेदार येतो, बोट दाखवतो. तू, तू आणि तू. दहा वाजले की उरले ते उरले, त्या दिवसाची चूल थंड. आता याच घड्याळात मोठ्या हॉस्पिटलात बघा. केसपेपरची खिडकी सकाळीच उघडते आणि दुपारच्या आत बंद होते. म्हणजे एका ठिकाणी रोजी वाटतात, दुसऱ्या ठिकाणी औषध वाटतात, आणि दोन्ही वाटप एकाच वेळेला. माणूस तर एकच आहे. तो कुठं उभा राहील ते सांगायला पुस्तक वाचावं लागत नाही.

हिशोब मांडू. समजा बिगाऱ्याची रोजी ७०० रुपये आहे. केसपेपर फुकट धरा, औषध फुकट धरा. पहिल्या दिवशी लाईनीत उभा राहिला, डॉक्टरनं बघितलं, रक्त तपासायची चिठ्ठी दिली. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणजे उद्या सकाळी. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन परत लाईन. तीन खाडे. २१०० रुपये. वर बसचं भाडं, बाहेरचा चहा. रात्री वस्तीतल्या गल्लीत एक डॉक्टर बसतो, त्याच्या पाटीवर कसली अक्षरं आहेत ते कुणी विचारत नाही. तो सुई मारतो, चार रंगाच्या गोळ्या पुडीत बांधून देतो आणि म्हणतो शंभर दे, नसले तर पगाराला दे. आता मला सांगा, महाग कोण? फुकटचा दवाखाना महाग आहे की नाही?

त्या गल्लीतल्या डॉक्टरची मी तरफदारी करत नाही. त्याच्या सुईनं ताप उतरतो आणि आजार आत राहतो. पण तो रात्री अकराला उघडा असतो, नाव विचारतो आणि 'कहाँ से आया' म्हणून हिणवत नाही. एवढ्यावर त्याचा धंदा चालतो.

खाड्याचा अर्थ ऑफिसातल्या माणसाला कळत नाही, कारण त्याच्या आजाराला रजा आहे. आमच्याकडे खाडा म्हणजे नुसती एक रोजी जाणं नव्हे. टोळीत एक माणूस कमी पडला की मुकादम दुसरा घेतो. तो दुसरा चांगला निघाला की तुमची जागा गेली. गावाहून निघताना उचल घेतली असेल तर ती अंगावर वाढत जाते. ऊसतोडीचं उदाहरण घ्या. बीडकडची आपलीच माणसं दिवाळीच्या आसपास कारखान्यावर जातात, नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. एक दिवस बाई पडून राहिली तर मुकादम खाड्याचा दंड कापतो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. त्याच्या मुळाशी बाकीच्या गोष्टींबरोबर हा खाडाही होता. पाळीच्या दिवसांत पोट दुखतं म्हणून घरी बसायची सोय नाही, आणि सरकारी डॉक्टर भेटतो त्या वेळेला बाई फडात. खाजगीवाला म्हणाला पिशवीच काढून टाक, कायमची कटकट गेली. बाईनं हिशोब केला आणि काढली. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यानं एक हंगाम कोयता धरून बघावा.

दुसरी गोष्ट, रात्रीच सोबत मिळते. बाहेरगावचा माणूस एकटा दवाखान्यात जात नाही. कुणी दरभंग्याकडचा, मैथिली बोलतो. कुणी गुलबर्ग्याकडचा लमाण. खिडकीवरची मराठी त्याला वाचता येत नाही, आतला बाबू तिसरीच भाषा बोलतो. खोलीतल्या दहा जणांत वाचता येणारा एकच असतो आणि तो आठला कामावरून सुटतो. बायांचं तर विचारूच नका. पोराला कोण धरणार, पाणी कधी येणार, नवरा कधी येणार. ही सगळी गाठ रात्री नऊनंतर सुटते. तोवर अंगात ताप १०३.

आणि आजाराचंही स्वतःचं घड्याळ असतं. टीबीचा बारीक ताप संध्याकाळी चढतो, हे डॉक्टरच्या पुस्तकात आहे. दिवसा अंग गरम असतं, काम चालू असतं, दुखणं दबून राहतं. रात्री पाठ टेकली की खोकला उठतो. म्हणजे रोग संध्याकाळी, रोगी रात्री आणि दवाखाना सकाळी.

आमच्या टोळीत बिहारकडचा एक गडी होता. तीन महिने खोकत होता, लाल औषधाच्या बाटल्या पीत होता. एका रात्री पाळीवरच रक्त पडलं. आम्ही दोघांनी त्याला टॅक्सीत घालून एका हॉस्पिटलात नेलं. तिथला पोरगा डॉक्टर आमच्याच वयाचा, डोळे लाल, तोही सलग कितव्या तासाला उभा होता कोण जाणे. त्यानं बघितलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, सकाळी ओपीडीत आणा. मी त्या पोराला शिव्या देणार नाही, त्याच्यापाशी तेवढंच होतं. गडी सकाळी गेला, दुसऱ्या सकाळी गेला, तिसऱ्या सकाळी थुंकीचा रिपोर्ट आला. टीबी. चौथ्या दिवशी कामावर आला तर त्याच्या जागी दुसरा उभा होता. आठवडाभर भटकला आणि गावाची गाडी धरली. खिशात थोड्या दिवसांच्या गोळ्या, कोर्स सहा महिन्यांचा.

टीबीचं सरकारी औषध फुकट आहे. १९९७ पासून देशात डॉट्सची पद्धत आली. आठवड्यातून तीनदा केंद्रावर जायचं, दुसऱ्याच्या देखत गोळी गिळायची. गोळी गिळायलाही हजेरी! २०१७ पासून रोजच्या गोळ्यांची पद्धत सगळीकडे लागू केली. २०१८ साली पेशंटला खुराकासाठी महिना ५०० रुपये सुरू झाले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० केले. चांगलं झालं, नाही म्हणत नाही. पण आपल्या बिगाऱ्याचा हिशोब आठवा. महिन्याचा सगळा खुराक दोन खाड्यांत गेला.

आता आपल्यातल्या काही पोरांशी बोलायचंय. चहाच्या टपरीवर तुम्ही बोलता ते ऐकू येतं. भैयांनी हॉस्पिटलं भरली, आपल्याला खाट मिळत नाही. अरे, तुमचा आजा कोण होता? माझा आजा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आला, पुलाखाली राहिला. त्याच्या आधीची पिढी गिरणीत आली, तर महाराला कापडखात्यात घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आमच्या तोंडाचा विटाळ होता. तेव्हाही आपण बाहेरचेच होतो, घाण करणारे, गर्दी करणारे. जे आपल्याला म्हटलं गेलं तेच आपण दरभंग्याच्या मुसहराला म्हणायचं?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न त्यांनी मजूर परिषदेत धरला. १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. मजुराच्या वेळेवर मजुराचाही हक्क आहे, हा मुद्दा. पुढं १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला. त्यात आजारी कामगाराला वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. म्हणजे खाड्यावरचं औषध या देशात ७५ वर्षांपूर्वीच सापडलंय! गोदी कामगारांचा कायदाही त्याच १९४८ चा. त्यानंतर नोंदलेल्या कामगाराला काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. मी त्याच गोदीत उभा आहे, पण ठेकेदाराच्या वहीत, आणि ठेकेदाराची वही पेन्सिलीनं लिहिलेली असते. १९७९ साली परराज्यातल्या मजुरांसाठी कायदा झाला, ठेकेदारानं मोफत औषधपाण्याची सोय करावी असं त्यात लिहिलं. आमच्या टोळीतल्या कुणी ती सोय डोळ्यानं पाहिलेली नाही.

काहीजण म्हणतील, दवाखाना रात्री उघडा ठेवणं कुणाला परवडणार? तर ऐका. २०१३ साली केंद्र सरकारनं शहरी आरोग्याचं मिशन काढलं. त्याच्या आराखड्यात ५०,००० वस्तीमागे एक आरोग्य केंद्र सांगितलंय, झोपडपट्टीत किंवा तिच्या जवळ, आणि वेळ शक्यतो दुपारी बारा ते रात्री आठ. मुंबई महापालिकेनं २०२२ साली आपला दवाखाना सुरू केला तेव्हा रात्री दहापर्यंतची वेळ जाहीर केली. म्हणजे गरिबाची वेळ कुठली ते सरकारला माहीत आहे. कागदावर आहे. आपण नवं काही मागत नाही.

आणि पोलिओ आठवा. १९९५ पासून डोस सुरू झाले. रविवारी बूथ लागायचे. रेल्वे स्टेशनवर पोरं गाठून डोस पाजले, वीटभट्टीवर गेले, इमारतीच्या कामावर गेले, करंगळीवर शाई लावली. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा बाहेरगावच्या माणसाचा पत्ता बरोबर सापडला. कारण तो रोग बंगल्यातल्या पोरालाही होऊ शकत होता.

तर काम असं आहे. येत्या रविवारपर्यंत प्रत्येकानं आपल्या वॉर्डातल्या दवाखान्याच्या पाटीवरची वेळ उतरवून आणायची. पाटीवर जी आहे ती, आणि दार खरोखर कधी बंद होतं ती वेगळी. दुसऱ्या कागदावर आपल्या जवळच्या नाक्यावरची माणसं किती वाजता कामाला लागतात आणि किती वाजता सुटतात ते लिहायचं, त्यांनाच विचारून, चहा पाजून. दोन्ही कागद जोडून वॉर्ड ऑफिसात नेऊ. ऑफिस सहाला बंद होतं, तेव्हा ज्यांची रात्रपाळी आहे त्यांनी दिवसा यायचं. बाकीच्यांनी कागद माझ्याकडे रात्री दहानंतर आणून दिले तरी चालतील.