ध्वनिमुद्रिकेची खरखर आणि विजेची गुणगुण



माझ्या बालपणी आमच्या इनामगावच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. त्याच्या तबकड्या खरखरत, क्वचित अडखळतही. परंतु गाणे संपून सुई उचलली की ती पेटी अगदी मुकी होई. तिच्यात विजेचा अंशही नव्हता, हेच त्याचे कारण. अलीकडे कित्येक घरांत विजेवर चालणारे टर्नटेबल पुन्हा दिसू लागले आहे. त्याच्या जोडीला अल्प किमतीचा फोनो प्रीॲम्प्लिफायर येतो, आणि मग गाण्याच्या आधी, गाण्यामागे व गाण्यानंतरही स्पीकरमधून एक मंद, अखंड गुणगुण ऐकू येते. ती कोठून येते व कशी घालवावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण या गुणगुणीपायी चांगल्या ध्वनिमुद्रिका घराबाहेर जातात, म्हणून तो मी निवडला. माझ्या वडिलांनी हौसेने जमविलेल्या ख्यालगायनाच्या लाँगप्ले तबकड्या मी गतवर्षी बाहेर काढल्या. तंबोरा सुरू झाला तो गढूळच. तबकड्या झिजल्या, असा घरातील मंडळींनी निकाल दिला, आणि तो सारा संग्रह रद्दीवाल्याच्या गठ्ठ्याशेजारी जाऊन बसला. मीही जवळजवळ मान डोलावली होती. पण गणित चुकले तर उत्तरावर काट मारण्यापूर्वी रीत तपासावी, ही मास्तरकीची जुनी खोड. तबकडी फिरत असतानाच मी सुई उचलली. गुणगुण तशीच चालू होती! सुई तबकडीला टेकलेलीच नसता येणारा आवाज तबकडीचा कसा असेल?

आता या आवाजाचे मूळ पाहू. सुईच्या कंपनांतून कार्ट्रिजमध्ये उत्पन्न होणारा विद्युद्दाब सामान्यतः व्होल्टच्या अवघ्या पाच सहस्रांशाइतका असतो. तो शंभरपट वाढविणे हे प्रीॲम्प्लिफायरचे काम. पण त्याचे आणखी एक कर्तव्य आहे. खर्जातील स्वर पूर्ण जोराने कोरले तर खाचा फार रुंद होतील, म्हणून तबकडीवर खर्ज दबता व तार स्वर चढता कोरतात; वाजविताना हे उलटे करून घ्यावे लागते. त्याचे प्रमाण १९५४ च्या सुमारास आर. आय. ए. ए. या नावाने रूढ झाले. त्या प्रमाणानुसार सेकंदास १००० आवर्तनांचा स्वर शंभरपट वाढत असेल, तर ५० आवर्तनांचा स्वर सुमारे ७०० पट आणि १०० आवर्तनांचा सुमारे ४५० पट वाढतो. आणि आपल्या घरात येणारी वीज सेकंदास नेमकी ५० आवर्तनांची आहे! ज्या खिडकीतून चोर येण्याचा संभव, तीच आपण सताड उघडी ठेवली आहे.

चोर आत शिरतो तो बहुधा ॲडॉप्टरमधून. ट्रान्सफॉर्मर असलेला जड ॲडॉप्टर विजेचा दाब उतरवून तिला एका दिशेस वळवितो. तेव्हा तिच्यात सेकंदास १०० उंचवटे उरतात. त्यांमधले खड्डे कपॅसिटर भरून काढतो आणि उरलेला खडबडीतपणा रेग्युलेटर रंधा मारल्यासारखा तासून टाकतो. स्वस्त मालात कपॅसिटर लहान असतो व रेग्युलेटर कित्येकदा नसतोच. शिवाय अशा यंत्रात पुरवठ्याचा दाब दोन रोधकांनी निम्मा करून तो मधला बिंदू गाण्याचे शून्य म्हणून धरलेला असतो. तेथे पुरेसा कपॅसिटर नसला तर पुरवठ्यातील लाट सरळ गाण्याच्या वाटेवर उतरते. हातात हलका लागणारा नव्या पद्धतीचा ॲडॉप्टर विजेचे सेकंदास हजारो वेळा तुकडे करतो. त्यातून अल्पसा प्रवाह बाहेर झिरपतो आणि तारांच्या वेष्टणांतून जमिनीची वाट शोधतो. त्याचीही कुरकुर ऐकू येते.

माझा ॲडॉप्टर जड जातीचा होता. आळीतील पिठाची गिरणी सुरू झाली की गुणगुण वाढते, हे माझ्या ध्यानात आले. रेग्युलेटरला बाहेर देण्याच्या दाबापेक्षा सुमारे दोन व्होल्ट अधिक आत मिळावे लागतात. गिरणीच्या ओढीने दाब उतरला की तेवढी शिल्लक राहत नाही आणि त्याचा रंधा चालेनासा होतो.

एवढ्याशा गुणगुणीने काय बिघडते, असे कोणी विचारील. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाचा षड्ज सेकंदास सुमारे १३९ आवर्तनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची पंचमाची तार १०४ च्या आसपास लागते. विजेची गुणगुण १०० वर. ती धड तीव्र मध्यमही नव्हे आणि पंचमही नव्हे! दोहोंच्या झुंजीतून सेकंदास चार हेलकावे उठतात. मिरजेच्या कारागिराने जीव ओतून काढलेली जवारी अशा बेसूर सोबतीने डागाळते.

परीक्षा सोपी आहे. आपले यंत्र १२ व्होल्ट डी. सी. वर चालणारे असेल, तर ॲडॉप्टर काढून दीड व्होल्टचे आठ सेल एकापुढे एक जोडून त्यांवर ते चालवावे. यंत्रावर लिहिलेला दाब व धन-ऋण टोके आधी नीट पाहावीत. ए. सी. लिहिलेले असेल तर या वाटेस जाऊच नये. सेलवर गुणगुण थांबली तर दोष पुरवठ्याचा. न थांबली तर टर्नटेबलची अर्थची बारीक तार प्रीॲम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसली आहे काय, आणि एखादा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजजवळ आहे काय, हे पाहावे. मात्र गुणगुण घालविण्यासाठी भिंतीतील प्लगची अर्थ पिन कोणीही काढू नये. गाण्यापेक्षा जिवाचे मोल अधिक आहे.

माझ्याकडे सेल जोडताच तंबोरा स्वच्छ झाला. पुढे एका जाणत्या कारागिराकडून अधिक दाबाचा ट्रान्सफॉर्मर, मोठा कपॅसिटर व रेग्युलेटर असा पुरवठा करून घेतला आणि तो टर्नटेबलपासून दोन हात दूर ठेवला. आता गिरणी चालू असतानाही गाणे ऐकता येते. तबकडीची खरखर अर्थात राहिली. ती तिच्या वयाची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आमच्या गावी घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. मातीने माखले आहे म्हणून त्यांनी एकही खापर फेकून दिले नाही. आधी माती कोणती व खापर कोणते, ते पाहिले. आपल्या घरातील तबकडीस तेवढाच न्याय मिळावा. तिला रद्दीत घालण्यापूर्वी एकवार सुई उचलून ऐका, एवढी विनंती.