छातीचे चित्र वाचणारे यंत्र
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त वांकिडी येथे दिलेले भाषण)



संगणकाने वैद्यकशास्त्रात अलीकडे काय मजल मारली, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. आम्ही गणिताचे मास्तर, वैद्य नव्हे. म्हणून एकाच रोगापुरते बोलतो. तो रोग म्हणजे क्षय.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या सभेत जाहीर केला. आज औषधे आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. अडते ते रोगी सापडण्यापाशी. छातीचा एक्स-रे काढता येतो, पण तो वाचणारा तज्ज्ञ खेड्यापाड्यांत कोठून आणावा?

येथे संगणक कामास आला. त्याला लाखो छातींची चित्रे दाखवितात. कोणती निरोगी, कोणती रोगट, तेही सांगतात. वर्गातील मूल उदाहरणे सोडवीत शिकते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की हा विद्यार्थी कंटाळत नाही! मग नव्या चित्रावर तो एक आकडा देतो. ठरविलेल्या मर्यादेच्या वर आकडा गेला की थुंकीची तपासणी करावयाची. मर्यादा खाली ओढली तर रोगी कमी निसटतात, पण निरोगी माणसांना हेलपाटे पडतात. वर नेली तर उलट. ही मर्यादा कोठे ठेवावी हे यंत्र ठरवीत नाही, माणसाला ठरवावे लागते. २०१६ साली निघालेल्या मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीने अशी आज्ञावली तयार केली असून ती परदेशांतही वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा वाचनाची शिफारस केली. मात्र पंधरा वर्षे व त्यावरील वयासाठीच. आमच्या शाळेतील बहुतेक मुले तिच्याबाहेर राहिली, हे आम्हांस विसरता येत नाही.

औषधशोधातही संगणक शिरला आहे. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी सुमारे सहा हजार पदार्थ संगणकाकडून चाळून ‘हॅलिसिन’ निवडले. पूर्वी मधुमेहासाठी पाहिलेल्या या पदार्थाने प्रयोगशाळेत क्षयाचा जंतूही मारला. पण प्रयोगशाळेतील यश म्हणजे दुकानातील औषध नव्हे.

आता घरची गोष्ट. आमच्या फुफी दोन महिने खोकत होत्या. “मौसम बदलला, बेटा,” म्हणत. आणि आम्ही, पदवीधर, त्यांना बाटलीतले खोकल्याचे औषध पाजत राहिलो! मनात भीती ही, की नाव बाहेर फुटले तर घरातल्या मुलीचे लग्न अडेल. अखेर थुंकी तपासली, सहा महिने औषध चालले, त्या बऱ्या झाल्या. पण त्या दोन महिन्यांत त्यांच्या उशाशी निजणाऱ्या नातवालाही लागण झाली. तोही बरा झाला; त्याचे शाळेचे वर्ष मात्र बुडाले. आमच्या लपवालपवीवर कोणता संगणक चालणार होता?

म्हणून विश्वस्तांपुढे एक अर्ज ठेवतो. ज्यांचा खोकला दोन आठवड्यांवर गेला आहे, त्यांच्या आसिफाबादला तपासणीसाठी जाण्यायेण्याचे भाडे ट्रस्टने द्यावे. कोणाचे नाव सभेत वा पावतीवर येऊ नये. यादी आमच्याकडे राहील. शाळा सुटल्यावर आम्ही घरीच असतो, मागच्या दाराने आलात तरी चालेल.