साखळीने जमीन मोजली, नाव कोणाचे लिहिले?

(कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यानाचे शब्दांकन)



इथे बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शेतकरी कुटुंबातले आहेत. जे शहरात आले त्यांच्याही गावी एखादे घर, एखादा बांध अजून आहे. आपल्या घरात लोखंडी पेटीत कागदांचे एक गाठोडे असते. त्यात सातबारा, आठ-अ, एखादी फाटकी सनद, मोजणीची नक्कल असते. भांडण निघाले की ते बाहेर येते. आज मला त्या गाठोड्याचा इतिहास सांगायचा आहे, कारण तो माहीत नसल्यामुळे आपण आपले हक्क गमावतो.

आधी शब्द बघा. जमीन, महसूल, हद्द, नकाशा, जमाबंदी, तहसील, इनाम, नक्कल हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. निजामशाहीत मलिक अंबरने महसुलाची व्यवस्था लावली, पुढे शिवशाहीत काठीने मोजणी झाली, पेशवाईत कमाविसदार आले. राज्ये बदलली, पण शब्द आणि त्यांच्याबरोबर कारकुनी पद्धत टिकून राहिली. त्यामुळे इंग्रज आले तेव्हा इथे जमिनीचा हिशेब नव्हता, असे कोणी सांगितले तर मानू नका. हिशेब होता. पण बिघा गावागणिक वेगळा होता आणि दप्तर कुलकर्ण्याच्या घरात होते. इंग्रजांना एकच माप आणि स्वतःच्या ताब्यातले दप्तर हवे होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. दहा वर्षांच्या आत पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने मोजणी सुरू केली. विलायतेत शिकलेला अर्थशास्त्राचा सिद्धांत त्याने इथे लावला: पिकाच्या उत्पन्नातून खर्च वजा करायचा आणि उरलेल्यातला ठरावीक हिस्सा सरकारचा. कागदावर हे ठीक दिसते. पण उत्पन्नाचे आकडे चुकीचे निघाले, खालच्या कामगारांनी लाच घेऊन नोंदी फिरवल्या आणि सारा जड झाला. लोक शेते टाकून निघून गेले. इंदापूर तालुक्याची अवस्था फार वाईट झाली.

मग १८३५ पासून त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले. आजचा आपला सातबारा ज्या पायावर उभा आहे तो पाया इथे घातला गेला. १८४७ मध्ये त्यांची पद्धत नियमबद्ध झाली आणि ती मुंबई इलाखाभर पसरली. निजामाच्या राज्यातही सालारजंगांच्या काळात याच धर्तीवर मोजणी सुरू झाली. म्हणजे राजा कोणत्या धर्माचा, यावर साखळी ठरत नव्हती.

ही पद्धत नीट समजून घेऊ. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण रोज 'चार गुंठे', 'दहा गुंठे' म्हणतो, तेव्हा याच साखळीने बोलत असतो. प्रत्येक शेताला नंबर दिला, कोपऱ्यावर हद्दीचे दगड रोवले, शेताचे टिपण काढले. मग प्रतबंदी. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खोदून मातीची खोली बघायची, काळी की तांबडी की बरड, चुनखडी आहे का, पाणी साचते का हे नोंदवायचे. उत्तम जमीन सोळा आण्यांची, तिथून खाली एकूण नऊ प्रती. त्यावरून आकार ठरला आणि तो तीस वर्षे वाढवायचा नाही असे ठरले.

यात चांगले काय झाले तेही सांगितले पाहिजे. दरवर्षी पाटील-कुलकर्ण्याच्या मर्जीवर ठरणारा सारा निश्चित झाला. पूर्वी मिरासदाराचा हक्क पक्का आणि उपऱ्याचा कच्चा असे. नव्या पद्धतीत सारा भरतो तोवर उपऱ्यालाही कोणी काढू शकत नव्हते. पडीक जमिनी लागवडीखाली आल्या.

आता मुख्य मुद्दा. मोजणीने तीन प्रश्न विचारले. जमीन किती? जमीन कशी? आणि जमीन कोणाची? पहिल्या दोन प्रश्नांसाठी अपार कष्ट घेतले. तिसऱ्याला मात्र सोयीचे उत्तर शोधले: जो सारा भरतो त्याचे नाव लिहा. सरकारला मालक शोधायचा नव्हता, पैसे कोणाकडून घ्यायचे ते ठरवायचे होते. एका नंबरापुढे एक खातेदार पुरेसा होता. चार भाऊ असले तरी थोरल्याचे नाव. कसणारा दुसराच असला तर त्याचे नाव नाही. बहिणीचे, विधवेचे नाव तर अपवादानेच. अधिकार अभिलेख, म्हणजे हक्कांची नोंदवही, कायद्याने आली १९०३ मध्ये. मोजणी सुरू होऊन तोवर अडुसष्ट वर्षे झाली होती. दोन पिढ्या सरकारदप्तरी न दिसता गेल्या.

या एका नावाचे परिणाम दूरवर गेले. त्यातले तीन सांगतो.

पहिला परिणाम सावकारीचा. जमीन मोजली, नंबर पडला, नाव लागले, हक्क विकता येऊ लागला. त्यामुळे ती गहाण ठेवता येऊ लागली आणि कोर्टातून जप्तही करता येऊ लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला तेव्हा कर्ज सहज मिळाले. युद्ध संपले, भाव पडले, त्यात तीस वर्षांची मुदत संपून फेरपाहणीत आकार वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून दंगा पेटला. लोकांनी मुख्यतः काय जाळले? सावकाराकडची कर्जखते. आपल्याविरुद्ध बोलणारा कागद कोणता, हे निरक्षर शेतकऱ्यालाही कळले होते.

दुसरा परिणाम इनामांचा. काझी, मुल्ला, मुजावर यांना चाकरीसाठी जमिनी दिलेल्या होत्या. मंदिरांच्या, मठांच्या जमिनी होत्या, तशाच दर्गा-मशिदींच्याही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि प्रत्येक इनामदाराला सनद दाखवण्यास सांगितले गेले. ज्याचा कागद पावसात गेला, वाळवीने खाल्ला, त्याचा हक्क अडचणीत आला. ज्या टिकल्या त्यांची नोंद झाली: इनाम अमुक दर्ग्याचे, वहिवाटदार अमुक. पुढे अनेक ठिकाणी नकला करताना, फेरफार घालताना दर्ग्याचे नाव गळाले आणि वहिवाटदाराचे नाव कब्जेदाराच्या रकान्यात जाऊन बसले. नंतर ती जमीन वारसांत वाटली गेली, विकलीही गेली. हे सगळे बाहेरच्यांनी केले असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. बऱ्याच ठिकाणी सही आपल्याच माणसाची आहे. वक्फच्या जमिनीबद्दल सभा घेण्याआधी जुने टिपण आणि इनामाची नोंद काढून बघावी, असे मी म्हणतो ते यासाठी.

तिसरा परिणाम स्त्रियांचा. कुराणाने मुलीला हिस्सा दिला असे आपण अभिमानाने सांगतो. पण १९३७ च्या शरियत कायद्याचे कलम २ काढून वाचा. वारसाच्या प्रश्नांत शरियत लागू, पण शेतजमिनीचे प्रश्न वगळून. शेतजमीन हा तेव्हा प्रांतांचा विषय होता हे एक कारण, पण परिणाम असा की ज्या संपत्तीवर बहुसंख्य कुटुंबे जगत होती तिच्याबाबतच कायद्याने तोंड फिरवले. मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये दुरुस्ती केली. आपल्याकडे मुलीचा हक्क नाकारायला बहुधा कायद्याची गरजच पडत नाही. बाप गेल्यावर तलाठ्याकडे वारसांची यादी जाते, तीत भावांची नावे असतात. बहिणीचे नाव घातलेच तर पाठोपाठ हक्कसोडपत्र तयार असते. 'माहेर तुटेल' एवढे म्हटले की ती सही करते. सारा भरणाऱ्याचे एक नाव लिहिण्याची जुनी सवय आणि आपली पुरुषी सवय एकमेकींना सोयीच्या झाल्या.

इथे मोजणी करणाऱ्या माणसांचीही आठवण ठेवू या. हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजली. तो वारला १८२३ मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला. त्याच्यानंतर एव्हरेस्टने काम पुढे नेले. पण मोडलेले थिओडोलाइट दुरुस्त कोणी केले? अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी. १८४३ मध्ये ते त्या खात्याचे उपकरण-निर्माते झाले. शिखरांच्या उंचीचे गणित राधानाथ सिकदार करत होते. १८५१ च्या मोजणीच्या पुस्तकात त्यांच्या मदतीचा उल्लेख होता, १८७५ च्या आवृत्तीतून तो गळाला. मोहम्मद-इ-हमीद नावाचा मुन्शी १८६३ मध्ये लपवलेली उपकरणे घेऊन काराकोरम ओलांडून यारकंदला गेला आणि परतताना वाटेत मरण पावला. त्याची टिपणे मात्र सरकारपर्यंत पोचली. शिखराला नाव मिळाले एव्हरेस्टचे. मोजणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचे, हे शेतात झाले तसे हिमालयातही झाले.

मग आज काय? मोजणी संपलेली नाही. एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. ज्या गावठाणातल्या घरांना कधी नकाशा नव्हता त्यांना पहिल्यांदाच नाव लागत आहे. ड्रोन सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजेल, पण नाव तो विचारणार नाही. नाव आजही माणूसच लिहितो, आणि घरात जो पुढे येऊन बोलतो त्याचे लिहितो.

म्हणून प्रत्येक शाखेने चार कामे करावीत. एक, गावात चौकशी सुरू झाली की पती-पत्नी दोघांची नावे लावण्याचा आग्रह धरावा. दोन, मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि त्यात मुलींची नावे आधी लिहावीत. तीन, कब्रस्तान, दर्गा, मशीद, तसेच गावची सामायिक जागा यांची टिपणे, गुणाकार बुक आणि इनामाच्या नोंदी भूमी अभिलेख कार्यालयातून मागवाव्यात. मराठवाड्यातल्यांनी खासरा आणि सेतवार पाहावे. चार, सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा, हा गैरसमज काढावा. कायद्याने तो खरा धरला जातो, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. चुकलेली नोंद दुरुस्त करता येते, फक्त हरकत वेळेत घ्यावी लागते.

इंग्रजांची साखळी आता संग्रहालयात गेली आहे. तिने आखलेले रकाने मात्र आपल्या तलाठी कार्यालयात आहेत. घरी गेल्यावर ते गाठोडे सोडा आणि त्यात तुमच्या आईचे, बहिणीचे, बायकोचे नाव कुठे आहे ते शोधा. सापडले नाही, तर सोमवारी कार्यालय उघडते.