नीतीची पायली



परवां पारावर एक तरुण मला म्हणाला, "गुरुजी, नीति म्हणजे ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट. तुम्हांला बरें वाटेल तें तुम्ही करा, मला वाटेल तें मी करीन." त्याला मी आज येथें उत्तर देतों.

माझ्या आज्याच्या घरीं दोन पायल्या होत्या. एक धान्य घेण्याची, दुसरी देण्याची. देण्याची थोडी लहान. कोणी विचारलें तर आजा म्हणे, "जगाची रीतच आहे." पुढें एका व्यापाऱ्यानें त्याच्याच धान्याला काटा मारला, तेव्हां मात्र तो ओरडला, "हें पाप आहे!" "हें मला आवडलें नाहीं," असें तो म्हणाला नाहीं. आपण लुबाडले गेलों म्हणजे नीति सर्वांची असते. आपण लुबाडतों तेव्हां ती ज्याची त्याची होते!

मग बहुतांची रीत तीच नीति काय? महाडचें चवदार तळें पाहा. तेथें गुरें पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांस मज्जाव. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या हजारों बांधवांसह तें पाणी प्याले, तर त्या लोकांस मारहाण झाली. हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागण्यास १९३७ साल उजाडलें. आतां सांगा, तो अन्याय निकालाच्या दिवशीं अन्याय झाला, कीं पहिल्यापासूनच होता? रीत हीच नीति असती, तर पाणी पिणारे चुकले आणि लाठ्या चालविणारे बरोबर, असें म्हणावें लागेल.

कोणी म्हणेल, "सनातन नीतीचें नांव घेऊनच तर आम्हांला नागविलें." खरें आहे. पण खोट्या पायलीवर देवाचा शिक्का मारला, म्हणून खरी पायली जगांत नाहींच, असें होत नाहीं. खरें माप आहे, म्हणूनच खोटें उघडें पडतें. त्याची खूण एकच: जागा बदलून पाहा. घेणारा देणारा झाला, वरचा खालीं आला, तरी जें न्याय्य वाटेल तें खरें.

भाजी कोणती खावी, फेटा कोणता बांधावा, हें ज्याचें त्यानें खुशाल ठरवावें. पण जेथें दुसऱ्याचें पोट, अंग किंवा मान सांपडते, तेथें आपली मर्जी पुरत नाहीं.

आज्याची ती लहान पायली मीं लाजेनें पुष्कळ वर्षें लपविली होती. आतां ती शाळेंत माझ्या टेबलावर आहे. मुलें विचारतात, मी सांगतों. आपणही आज घरीं जाऊन आपली पायली एकदां तपासून पाहा.