दौंडचा कातळ, समुद्राची नोंद



 प्राचीन समुद्रांच्या चुनखडकांवर विचार करणारी परिषद शिरूर-दौंड भागात का, हा प्रश्न रास्त आहे. शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. दोन्हीकडे विहीर खणावी तर खाली काळा कातळच लागतो. नदीकाठच्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, पण ते जमिनीतच साकळलेले. समुद्राचा त्यांच्याशी संबंध नाही. तरीही ही परिषद इथे शोभते, असे माझे म्हणणे आहे. या कातळाने हवेचे आणि समुद्राचे काय केले, हे तो एकटा सांगू शकत नाही. ते सांगतो दूरच्या समुद्रतळावर साचलेला चुनखडक.

हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसॉल्ट. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला, त्यातला बराचसा १० लाख वर्षांच्या आत. त्याबरोबर निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळून गेला. पण त्याच काळी समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे जीव आपली चुन्याची कवचे बांधत होते. पाणी उबदार झाले की कवचातला ऑक्सिजन-१८ घटतो: साधारण ४ अंशांमागे हजारी १. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये या मोजणीचा पाया घातला. अशी कवचे आम्लात विरघळवून निघालेला वायू तपासला, तेव्हा डायनोसॉरांच्या अंतापूर्वीच्या काही लाख वर्षांत समुद्र काही अंशांनी तापल्याचे दिसले.

यावर पहिला आक्षेप असा, की दगड पुढे बदलतो. खरे आहे. जमिनीतले पाणी चुनखडकात मुरते आणि ऑक्सिजनची नोंद पुसट करते; कार्बनची नोंद त्या मानाने टिकते, कारण त्या पाण्यात कार्बन थोडाच असतो. म्हणूनच चांगली टिकलेली कवचे सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात आणि वेगवेगळ्या महासागरांतले आकडे ताडून पाहतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: ही ऊब दख्खनचीच कशावरून? इथे ऑस्मियम हा धातू मदतीला येतो. खंडांच्या जुन्या खडकांतून येणाऱ्या ऑस्मियममध्ये १८७ हा समस्थानिक जास्त, ताज्या बेसॉल्टमध्ये कमी. समुद्री गाळात १८७ चे प्रमाण त्याच सुमारास घसरते. उल्केनेही ते घसरते, हे मान्य. पण ही पहिली घसरण उल्कापाताची खूण असलेल्या इरिडियमच्या थराच्या खाली, म्हणजे त्याआधीची आहे. लाव्ह्याच्या वयाशीही ती जुळते. डायनोसॉर कोणामुळे संपले, हा वाद यातून मिटत नाही. पण आपल्या कातळाने साऱ्या जगाचा समुद्र तापवला, हा निष्कर्ष मला भक्कम वाटतो.

कातळ कारण सांगतो, चुनखडक परिणाम सांगतो. एकाचे वय चुकले, तर दुसऱ्याचा अर्थ चुकतो. आज हवेतला कार्बन आपण स्वतः वाढवत असताना हा हिशेब अचूक हवा. म्हणून माझी विनंती एवढीच, की बेसॉल्टचे आणि चुनखडकाचे अभ्यासक या परिषदेत वेगवेगळ्या दालनांत बसू नयेत. एकमेकांचे आकडे समोरासमोर तपासावेत.