‘राजीखुशी’ येते कुठून?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



हक्कसोडपत्र तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलं असेल. गाव बदललं, वकील बदलला, तरी भाषा तीच. बहीण राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क भावाला सोडून देते. खाली सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, आणि हल्ली फोटो. मला आज त्या एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. राजीखुशी.

सकाळच्या गटचर्चेत एकीनं वैतागून विचारलं, ‘कायदा बाईच्या बाजूनं आहे, तर या बायका स्वतःच्या हातानं सही का करतात?’ दोन उत्तरं आली. तिला माहीत नसतं, किंवा तिच्यात हिंमत नसते. दोन्ही उत्तरं कारण त्या बाईच्या आत शोधतात. मला ते बाहेर शोधावंसं वाटतं.

कायदा थोडक्यात आठवू. महाराष्ट्रानं १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतः मुलाच्या बरोबरीनं वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. म्हणजे लग्न झालं की मुलगी घरातून वजा, ही समजूत कायद्यानंही जपलीच. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं हा भेद काढला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानंच आहे. एवढं होऊनही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका साधारण १४ टक्केच भरल्या.

आमच्या तालुक्यात सही केलेल्या बायकांशी मी गेली काही वर्षं बोलते आहे. हक्क आहे हे बहुतेकींना माहीत होतं. नसता, तर सोडायला कशाला बोलावलं असतं? एक जण मला म्हणाली, ‘ताई, वाटा घेतला तर अर्धा एकर मिळेल. सोडला तर भाऊ मिळतो. उद्या नवऱ्यानं हाकललं तर मी अर्ध्या एकरावर झोपू का?’

हा अडाणीपणा नाही, चोख हिशेब आहे. सासरी जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला जायला जागा एकच, माहेर. पोरीच्या लग्नात तिला बोहल्यावर आणायला मामा लागतो, बाळंतपणाला माहेर लागतं, भाऊबीजेला कुणी आलं नाही तर सासरी टोमणे पडतात. वाटा मागितला की हे सगळं एका दिवसात तुटतं. शिवाय ‘तुझ्या लग्नात तुझा वाटा दिला’ हे वाक्य तयार असतंच. हुंडा तिच्या हातात कधी पडला नाही, तरी तो तिच्याच खात्यावर खर्ची पडतो! लग्न, माहेर, हुंडा, सण, सगळ्यांनी मिळून तिच्यापुढे दोनच वाटा ठेवलेल्या असतात. त्यातली कमी नुकसानीची ती निवडते, आणि आपण त्याला तिची मर्जी म्हणतो.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्ही दुर्खीम परीक्षेपुरता वाचला होता. आत्महत्येसारखी अगदी एकट्याची वाटणारी कृतीसुद्धा धर्म, कुटुंब, समाज माणसाला किती घट्ट धरून आहेत यावर अवलंबून असते, असं त्यानं १८९७ साली मांडलं. मला तो खरा कळला दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर. जीपमधून चार बहिणी उतरतात, त्याच दिवशी घेतलेल्या चार नव्या साड्यांत. चौघींची गावं वेगळी, स्वभाव वेगळे, आणि सही एकच.

सरकारी दफ्तरही या बाकावर बसलेलंच असतं. वडील वारले की जुन्या रिवाजानं थोरल्या मुलाचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लागायचं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणींची नावं लागलीच तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात, कब्जेदारांत नाहीत. अशा नोंदी आजही निघतात. हक्क सोडायचा तर नाममात्र मुद्रांक आणि एक दिवस पुरतो. हक्क घ्यायचा आणि भाऊ राजी नसला, तर दिवाणी दावा, वकील, तारखा, वर्षानुवर्षं. दफ्तरानं बाईला सोपी वाट दाखवून ठेवली आहे.

आणि माहेरचा हा विमा तरी पक्का असतो का? आमच्याकडे आलेल्या एका विधवेनं आठ वर्षांपूर्वी सही केली होती. दोन मुलं घेऊन ती माहेरी परतली तेव्हा तिला गोठ्यालगतची खोली मिळाली. भाऊ वाईट नव्हता, पण त्याचीही मुलं वाढत होती. भावजय धुसफुसायची, आणि तिचं तरी काय, तिनंही स्वतःच्या माहेरी सही केलेलीच होती! दीड वर्षात ही भाड्याच्या खोलीत गेली. जमीन दिल्याचा कागद आहे. आसरा देण्याचा कागद नाही.

इथे कुणी विचारेल, मग भावाला दोष द्यायचा नाही का? तोही याच व्यवस्थेत घडला ना? घडला, पण ती त्याला जमीन देते आणि तिच्याकडून घेते, हा फरक मी विसरायला तयार नाही. तरीही एकेका भावाला सुधारत बसण्यावर माझी भिस्त नाही. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. पुरुषांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करायचा, आणि गावातल्या शंभर जणांनी केला की गाव लक्ष्मीमुक्त. एकट्यानं केलं असतं तर त्याला बायकोचा बैल म्हणाले असते. शंभरांनी केलं तेव्हा गावाचा सत्कार झाला. माणसं तीच होती. मोहिमेत उणिवा होत्या, बायकोला मिळालं तरी बहीण बाहेरच राहिली, आणि नाव लागलं म्हणजे नांगर कुणाचा हे ठरलं नाही. पण गावानं वाहवा कशाची करायची हे बदललं, तसे नवरे बदलले.

म्हणून आमच्या गटानं जाणीवजागृतीची व्याख्यानं कमी केली आहेत. आता आम्ही तेराव्यानंतर लगेच घरी जातो, आणि एका बहिणीशी बोलत नाही, सगळ्या बहिणींना एकत्र बसवतो. एकटी नाही म्हणाली की ती लोभी ठरते. गेल्या वर्षी एका घरी तिघी एकदम नाही म्हणाल्या, तेव्हा वाटणीची बोलणी सुरू झाली. त्यांतल्या थोरलीला अंगणवाडीचं मानधन आहे आणि राहायला स्वतःची खोली आहे. ती आधी बोलली, मग बाकीच्या दोघी. हा योगायोग मला वाटत नाही. भावानं भाऊबीजेला बोलावलं नाही, तर तिघींनी थोरलीकडे सण केला. बोलणी अजून चालू आहेत, भाऊ पडीक तुकडा देऊ बघतोय.

दुसरं, फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ती नोटीस सासरच्या पत्त्यावर पोचते का, की भावाच्याच घरी सही घेतली जाते, हे तलाठ्याकडे जाऊन बघावं लागतं. मी चार गावांचे फेरफार उतारे आणले आहेत. जेवणानंतर दोघी-दोघींनी एकेक घ्या, आणि बहिणींची नावं कुठल्या रकान्यात आहेत ते शोधा.